दोन लाख अनोळखी माणसं खिशात बाळगण्याची कृती

ही कृती नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिली, व्हीयू तीनने सुरू होणारं कॉल साइन मिळवलं, घरच्यांना 'वॉकीटॉकीच आहे, पण तसली नाही' असं सांगून एक डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हॅण्डी विकत घेतली आणि आता खोक्यातून निघालेलं माहितीपत्रक उलटंसुलटं करून बघत आहेत, त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी इथेच थांबावं, केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसीकडे रीतसर अर्ज करून परीक्षा द्यावी आणि मग परत यावं. तोवर हॅण्डीत भरायची जगभरच्या हॅमची यादी आणखी लांबलेली असेल, पण त्याने काही बिघडत नाही. ती कधीच थांबत नाही, म्हणून तर कृती लिहून ठेवावी लागते.

साहित्य: डीएमआर हॅण्डी एक, तिची केबल एक, विंडोजचा संगणक एक, सात आकडी आयडी एक, मोकळी दुपार एक. चहा लागेल तसा. हॅम मंडळी आपसांत बायकोला 'एक्सवायएल', म्हणजे 'माजी तरुणी', म्हणतात. हा शब्द यादी भरायच्या दिवशी घरात मोठ्याने वापरू नये.

पायरी शून्य : हे सगळं कशासाठी

डीएमआरवर आपण पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून बोलायला लागलो की आवाजाबरोबर दोन आकडे हवेत जातात. एक बोलणाऱ्याचा, दुसरा ज्याच्याशी किंवा ज्या गटाशी बोलायचं त्याचा. नाव जात नाही, गाव जात नाही, कॉल साइनही जात नाही. २४ बिटांत बसणारा नुसता आकडा. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर तो उमटतो, आणि तो कोणाचा हे त्याच्या हॅण्डीला आधीपासून ठाऊक असेल तरच त्या जागी नाव दिसतं. ठाऊक असायचं म्हणजे कोणीतरी ते आधी आत भरलेलं असायला हवं. तो कोणीतरी म्हणजे आपण.

हा उद्योग आपल्या वाट्याला आला याचं कारण असं, की डीएमआर मुळात आपल्यासाठी नव्हतंच. ईटीएसआय या युरोपातल्या संस्थेने २००५ मध्ये हे मानक काढलं ते कंपन्यांसाठी: गोदामं, हॉटेलं, टॅक्सीवाले, पहारेकरी. साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलचे तीस-तीस मिलिसेकंदांचे दोन आलटून पालटून येणारे तुकडे करायचे, म्हणजे एका चॅनेलवर एकाच वेळी दोन संभाषणं चालतात. कंपनीचा खर्च वाचतो. गोदामात माणसं पन्नास. कोणीतरी एकदा बसून पन्नास नावं भरली की काम संपलं; नवा पहारेकरी आला तर एक ओळ वाढवायची. या आटोपशीर व्यवस्थेत पुढे जगभरचे हॅम शिरले आणि त्यांनी पन्नासाच्या जागी अख्खं जग भरायला घेतलं.

जपानी हॅमनी स्वतःसाठी घडवलेल्या डी-स्टार पद्धतीत कॉल साइन आवाजाबरोबरच जातं. त्या लोकांना ही कृती लागत नाही. आपल्याला लागते, कारण त्यांचे सेट महाग असतात आणि आपण स्वस्तातली हॅण्डी घेतली.

आता एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. यादी भरली नाही तरी हॅण्डी बोलते. ऐकतेही. एकही नाव आत नसताना सांगलीतला माणूस सिडनीतल्या माणसाशी व्यवस्थित गप्पा मारू शकतो, फक्त पडद्यावर नावाऐवजी आकडा दिसतो. शिवाय बोलताना स्वतःचं कॉल साइन तोंडाने सांगणं हा हॅमचा नियमच आहे, त्यामुळे कोण बोलतंय हे दोन क्षणांत कानावर पडतंच. म्हणजे हा सगळा खटाटोप समोरच्याने नाव सांगण्याच्या किंचित आधी ते आपल्याला कळावं, एवढ्यासाठी आहे. ज्यांना हे पटलं त्यांनी संगणक बंद करून बोलायला जावं. बाकीच्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, पुढे वाचावं.

पायरी पहिली : आधी स्वतःचा आकडा

'रेडिओ आयडी' या संकेतस्थळावर परवान्याची प्रत चढवून सात आकडी आयडी मिळतो. फुकट मिळतो. पहिले तीन आकडे देशाचे: भारत ४०४, जपान ४४०, इटली २२२, जर्मनी २६२, अमेरिका ३१० आणि पुढे. हे आकडे हॅमनी शोधून काढलेले नाहीत. मोबाइल कंपन्यांसाठी ठरलेले देशांचे आकडे जसेच्या तसे उचललेत. आपल्या सिमकार्डाच्या आतल्या क्रमांकाची सुरुवातही ४०४ किंवा ४०५नेच होते. थोडे दिवस ऐकलं की २२२ दिसताच इटली आणि ४४० दिसताच जपान हे आपोआप कळायला लागतं, आणि यादीची गरज आणखी थोडी कमी होते. तरी भरायची.

मिळालेला आकडा हॅण्डीत 'रेडिओ आयडी' लिहिलेल्या जागी घालावा. हे इतकं उघड आहे की पुष्कळ लोक विसरतात. दुपारभर खपून जगातली दोन लाख माणसं आत बसवायची आणि स्वतःच्या जागी कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवायचा, असे नमुने आपल्यात आहेत. असा गृहस्थ पडद्यावर सगळ्यांना नावानिशी ओळखतो, आणि नेटवर्क त्याला ओळखत नाही म्हणून आत घेत नाही. तो तासभर हाका मारतो. मग अँटेना बदलतो.

पायरी दुसरी ते आठवी : केबल

जुन्या चिनी अ‍ॅनालॉग हॅण्डीची केबल घरात असेल तर ती लावून बघण्याचा मोह होईल. दोन पिनांचा प्लग हुबेहूब तसाच असतो, खट्‌कन बसतोही. पण त्या केबलीच्या यूएसबीकडच्या जाडसर टोकात एक चिप असते, जी संगणकाचं बोलणं हॅण्डीला कळेल असं करून देते. डीएमआर हॅण्डींच्या केबलीत बहुधा तशी चिप नसते. ते काम हॅण्डी स्वतःच करते आणि केबलीतून यूएसबीच्या तारा सरळ आत जातात. बाहेरून फरक दिसत नाही. म्हणून दोन्ही केबलींवर चिकटपट्टी लावून नावं लिहावीत. चिकटपट्टी वर्षभरात गळून पडते, तेव्हा पुन्हा लिहावीत.

प्लग पूर्ण आत गेला आहे का ते अंगठ्याने दाबून बघावं. नाही, पूर्ण नाही गेला. बेल्टच्या क्लिपची किंवा बाजूच्या रबरी झाकणाची कड आड येते आणि प्लग केसभर बाहेर राहतो. तेवढ्या फटीपायी माणसं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, संगणक तीनदा बंद-चालू करतात आणि विक्रेत्याला कडक मेल लिहितात. झाकण पूर्ण मागे वळवून अंगठ्याने एकदा जोरात दाबावं. 'खट्' ऐकू आलं पाहिजे.

मग ड्रायव्हर. तो कंपनीच्या फाइलींतूनच घ्यावा. मग कॉम पोर्ट. संगणकाने कॉम तीन म्हटलं तर सॉफ्टवेअरमध्ये कॉम चार निवडलेलं असतं. हा निसर्गनियम आहे, त्याच्याशी भांडू नये, तीन निवडावं.

ज्या सॉफ्टवेअरने हॅण्डी भरतात त्याला सीपीएस म्हणतात आणि आत जे काही भरतात त्या सगळ्या गाठोड्याला कोडप्लग. सीपीएस आणि हॅण्डीचं फर्मवेअर यांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. एखादा उत्साही मित्र अमेरिकेतला तयार कोडप्लग पाठवून देईल, तो घेऊ नये. तिथे ७० सेंटिमीटरचा बँड ४२० ते ४५० मेगाहर्ट्‌झ आहे, आपल्याकडे ४३४ ते ४३८. त्यांच्या चॅनेलवर आपण उत्साहाने बोललो तर आधी सरकारशी ओळख होईल, हॅमशी नंतर.

पायरी नववी : यादी उतरवून घेणे

यादी आयडी देणाऱ्याच संकेतस्थळावर सीएसव्ही स्वरूपात मिळते. एका ओळीत एक माणूस: आयडी, कॉल साइन, नाव, आडनाव, गाव, राज्य, देश. दोन लाखांहून जास्त ओळी. ज्याने त्याने आपल्या हाताने भरलेल्या, त्यामुळे कोणी नाव सगळं कॅपिटलात लिहिलंय, कोणी नुसतं आद्याक्षर टाकलंय, कोणाच्या आडनावात गावही आलंय. ही फाइल एक्सेलमध्ये उघडून बघावी असं कोणालाही वाटतं. बघावी. पण उघडल्यावर 'सेव्ह' दाबू नये. होसे नावाच्या स्पॅनिश गृहस्थांच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ असते. एक्सेलने ती फाइल भलत्याच लिपीची समजून उघडली तर त्या अक्षराच्या जागी दोन विचित्र चिन्हं येतात आणि 'सेव्ह' केल्यावर कायमची राहतात. देवनागरीचा तर विचारच सोडावा. हॅण्डीला बहुधा दोनच भाषा येतात, इंग्रजी आणि चिनी, आणि रीसेट केल्यावर ती कधी कधी मातृभाषेत जाते. तेव्हा मेन्यू कसा शोधायचा हे आधीच एका कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

प्रत्येक कंपनीला रकाने आपल्या क्रमाने हवे असतात. एकीला नाव-आडनाव एकाच रकान्यात हवं, दुसरीला सुरुवातीला अनुक्रमांक आणि शेवटी 'प्रायव्हेट कॉल' असं लिहिलेलं हवं. हमखास उपाय असा: सीपीएसमध्ये हाताने एकच माणूस भरावा, ती एका माणसाची यादी बाहेर काढावी आणि तिचे मथळे बघून आपली फाइल तशी जुळवावी. कंटाळा केला तर एक रकाना सरकतो. मग पडद्यावर बोलणाऱ्याचं नाव 'नागपूर' येतं, गाव 'महाराष्ट्र' आणि राज्य 'इंडिया'. हेही तसं चुकीचं नाही, पण नागपूरला उत्तर देताना अवघडल्यासारखं होतं.

पायरी दहावी : कोणाला बोलवायचं

हा कृतीतला सगळ्यात नाजूक भाग.

टायटेराच्या एमडी-३८० या हॅण्डीने डीएमआर सामान्य हॅमच्या खिशाला परवडेल असं केलं. तिच्यात जागा होती १००० संपर्कांची. गोदामासाठी हजार म्हणजे चैन. हॅमसाठी ती लग्नाच्या आमंत्रणांची यादी झाली, हॉल लहान आणि गोतावळा अफाट. सुरुवात सोपी असते. भारतातले सगळे घ्यायचे, घरचेच ते. मग ज्यांच्याशी एकदा बोलणं झालंय ते. मग ज्यांनी आपल्याला क्यूएसएल कार्ड, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपावती, पाठवलंय ते. न घेतलं तर बरं दिसत नाही. मग लंडनच्या आतेभावाच्या शेजारचे हॅम. इथवर येता येता सहाशे-सातशे होतात आणि लक्षात येतं की अमेरिकेचा अजून एकही माणूस घेतलेला नाही. तिथले इतके आहेत की एक घेतला तर दुसरा का नाही याला उत्तर नाही. शेवटी सगळी अमेरिका रद्द होते, आणि नेमकी त्याच संध्याकाळी टेक्सासहून हाक येते.

२०१६च्या सुमाराला ट्रॅव्हिस गुडस्पीड आणि त्याच्या सोबत्यांनी याच हॅण्डीचं फर्मवेअर उलगडलं. त्यांना दिसलं की आतल्या १६ एमबीच्या चिपमध्ये कोडप्लग जेमतेम कोपऱ्यात बसलाय आणि बराच भाग रिकामा पडलाय. त्यांनी त्या रिकाम्या जागेत जगभरची यादी बसवून दाखवली. कंपनीने न मागता हॅमनी केलेलं हे काम मला या साऱ्या प्रकारातलं सगळ्यात देखणं वाटतं. पुढे कंपन्यांनाही गिऱ्हाइकाला काय हवंय ते कळलं. एनिटोनची डी८६८ आली तिच्यात दीड लाख माणसं मावत, डी८७८मध्ये दोन लाख. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग जगाने दोन लाखांचा आकडा ओलांडला आणि 'कोणाला वगळायचं' हा प्रश्न मोठ्या हॉलमध्ये पुन्हा उभा राहिला. आता त्याच हॅण्डीच्या 'टू प्लस' आवृत्तीत पाच लाखांची जागा आहे.

माझं मत विचाराल तर भारत घ्यावा, शेजारपाजार घ्यावा, ज्या देशांतले लोक आपल्या झोपेच्या वेळेआधी जागे असतात ते घ्यावेत. पाच-सहा देशांत भागतं. पण हे मत कोणी मानत नाही. पाच लाखांची जागा असताना सगळं जग का भरू नये, यावर माझ्याकडे तोड नाही.

पायरी अकरावी : दोन वेगळ्या याद्या

टॉकग्रुपांची यादी वेगळी आणि माणसांची वेगळी. ही पायरी एकदाच वाचून भागत नाही.

टॉकग्रुप म्हणजे जिथे बोलायला जायचं तो कट्टा: ब्रँडमायस्टर नेटवर्कवर ९१ जगाचा, ४०४ भारताचा. असे पंधरा-वीस हाताने भरले की पुरे, आणि त्यांचा प्रकार 'ग्रुप कॉल' असायला हवा. चुकून 'प्रायव्हेट' राहिला तर आपण जगाच्या कट्ट्यावर उभं राहून तासभर बोलतो आणि तो आवाज ९१ नंबरच्या कोणा अस्तित्वातच नसलेल्या माणसाकडे जातो. तो उत्तर देत नाही. माणसांची यादी मात्र सगळी 'प्रायव्हेट' असते आणि ती फक्त नाव दाखवण्यासाठी वापरायची. तिच्यातून कोणाला थेट हाक मारता येते हे खरं, पण रात्री उशिरा ओसाकातल्या अनोळखी गृहस्थांना थेट हाक मारण्याआधी तिथे किती वाजलेत ते बघावं.

दोन लाख माणसं टॉकग्रुपांच्या यादीत ओतण्याचा प्रयत्न सॉफ्टवेअर बहुतेक हाणून पाडतं. त्याबद्दल त्याचे आभार मानावेत.

पायरी बारावी : भरणे

काहीही लिहिण्याआधी हॅण्डीत जे आहे ते 'रीड' करून, तारीख घालून जपून ठेवावं. या कृतीतली ही एकच ओळ गंभीर आहे.

मग यादी 'इम्पोर्ट' करावी आणि 'राइट' दाबावं. चौकट येईल: नेहमीची माहिती लिहायची की संपर्क यादी? दोन वेगळ्या खुणा असतात. यादी लिहायची खूण सहसा आधीपासून केलेली नसते, आणि ती करायची राहून गेली तर सगळं अर्ध्या मिनिटात संपतं. माणूस खूश होतो; हॅण्डी पूर्वीइतकीच अडाणी असते. खूण केली असेल तर मात्र पट्टी सरकायला लागते. सरकते म्हणजे एक टक्का होतो आणि थांबते.

यापुढचा काळ दहा मिनिटांचा, पंधराचा, जुन्या संगणकावर त्याहून जास्त. या काळात टेबलाला धक्का लावू नये, 'होतंय का' म्हणून केबल हलवू नये, लॅपटॉप झाकू नये. हॅण्डीची बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असावी. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती बघून बसावं. घरातलं कोणी येऊन 'हे काय चाललंय' विचारेल. 'जगातले हॅम भरतोय' असं उत्तर दिलं तर पुढचे प्रश्न येत नाहीत. बहात्तर टक्क्यांवर पट्टी अडकलेली दिसली तरी ती बहुधा अडकलेली नसते, तिथे फक्त अमेरिका चालू असते.

पायरी तेरावी : बघणे

हॅण्डी सुरू करावी. आधीपेक्षा थोडी उशिरा जागी होईल. आत गर्दी आहे.

गावात डीएमआरचा रिपीटर नसेल, आणि बहुतेक गावांत तो नसतोच, तर घरात हॉटस्पॉट लागेल: रास्पबेरी पाय, त्यावर एक छोटं मोडेमचं बोर्ड, आत पाय-स्टार हे सॉफ्टवेअर. हॅण्डीतून निघालेली लहर तीन फुटांवरच्या त्या डबीपर्यंत जाते आणि पुढचे आठ हजार किलोमीटर इंटरनेट सांभाळतं. शॉर्टवेव्हवरचे जुने हॅम याला रेडिओ म्हणत नाहीत, फोन म्हणतात. त्यांच्यासमोर ही पायरी करून दाखवू नये.

आधी ९९९० ला प्रायव्हेट कॉल लावून बघावा. तिथे पोपट आहे. आपण बोललेलं तो आपल्याच आवाजात परत ऐकवतो. आपण असे बोलतो हे ऐकून थोडा वेळ बरं वाटत नाही, मग सवय होते. त्यानंतर कट्ट्यावर जावं आणि ऐकत बसावं. कोणीतरी बोलेल, पडदा उजळेल आणि त्यावर नाव येईल. गाव, देश, सगळं. एवढं करून ते दिसलं की फार बरं वाटतं हे कबूल करायला हवं, निदान त्या संध्याकाळपुरतं.

दुसऱ्या दिवशी नुसता आकडा येतो. त्या माणसाला आयडी कालच मिळालाय, आपली यादी परवाची आहे. काही नेटवर्क आवाजाच्या पोटातून थोडं थोडं नावही पाठवतात, त्याला टॉकर एलियस म्हणतात. हॅण्डीच्या सेटिंगमध्ये ते चालू केलं की यादीत नसलेल्याचं नावसुद्धा काही क्षणांत पडद्यावर जुळून येतं. बारा पायऱ्या झाल्यावर हे सांगणं क्रूरपणाचं आहे, पण आधी सांगितलं असतं तर बारा पायऱ्या झाल्या नसत्या.

नेहमीच्या अडचणी

नाव येतं, पण ते भलत्याच माणसाचं. यादी जुनी असावी किंवा ओळी सरकल्या असाव्यात. नववी पायरी पुन्हा करावी.

समोरचा आपल्याला सारखा 'इंडिया' म्हणून हाक मारतोय. त्याची नववी पायरी चुकलीय. सांगू नये, त्याची दुपार जाईल.

यादी भरली, टॉकग्रुप बरोबर, पोपट बोलतो, पण भारताच्या कट्ट्यावर शुकशुकाट. बाकीचे याद्या भरतायत. तोवर ९१ वर जावं. तिथे कुठल्या ना कुठल्या देशात उजाडलेलं असतं आणि कोणीतरी हाक मारत असतं. कॉल साइन सांगावं, आपलं नाव सांगावं आणि त्याने ते पडद्यावर आधीच वाचलं असेल तरी दोनदा स्पेलिंग करून सांगावं.